स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या बंद केल्या की नेमकं काय होतं

घरात स्किझोफ्रेनिया असलेल्या कुणाशीही बोला, एक प्रश्न हमखास येतो. इतकी वर्षं झाली, आता भास नाहीत, संशय नाही, रात्री नीट झोपतो, दुकानात दोन तास बसतो, मग या गोळ्या अजून किती दिवस? आणि डॉक्टर म्हणाले "चालू ठेवा" की पुढं कुणी काही विचारत नाही, पण घरी आल्यावर कधी ना कधी गोळ्या बंद होतातच, कधी पेशंट स्वतः गपचूप बंद करतो, कधी घरचेच करतात. त्यानंतर शरीरात आणि डोक्यात काय काय होतं हे कुणी नीट बसून सांगत नाही म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण या आजाराच्या घरात राहिलेय आणि वाचन बरंच केलंय.

आधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण बाकी सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. गोळ्या बंद केल्यावर पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना चांगलं वाटतं. खरंच चांगलं वाटतं. सुस्ती उतरते, सकाळी वेळेवर जाग येते, चेहरा जरा हलायला लागतो, गप्पांत भाग घेतो, सारखी भूक लागत होती ती कमी होते. आई म्हणते बघा, गोळ्यांनीच याला दगड करून ठेवलं होतं. यात तथ्य आहे, सुस्ती गोळ्यांचीच होती. पण गोळी रक्तातून जायला काही दिवस लागतात आणि आजार परत वर यायला बऱ्याचदा काही आठवडे किंवा काही महिने लागतात, आणि मधल्या त्या काळात घरातल्या सगळ्यांची पक्की खात्री होऊन बसते की गोळ्यांची गरजच नव्हती. मग चार-पाच महिन्यांनी आवाज परत सुरू झाले की त्याचा संबंध कुणी बंद केलेल्या गोळ्यांशी लावत नाही, तो लावला जातो शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाशी, बहिणीच्या लग्नाच्या धावपळीशी, नाहीतर अमावास्येशी.

आता या गोळ्या करतात काय ते थोडक्यात. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, एखादी गोष्ट महत्त्वाची आहे, इकडं लक्ष दे, असं मेंदूला सांगण्याचं काम ते करतं. सायकोसिसमधे, म्हणजे भास आणि खोट्या संशयांनी वास्तवाशी संबंध तुटतो त्या अवस्थेत, ही यंत्रणा बिघडते आणि साध्यासाध्या गोष्टींना भलताच अर्थ चिकटतो, टीव्हीवरचा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय, समोरच्या बिल्डिंगमधली लाइट मुद्दाम चालू-बंद करतायत, असं. ॲन्टीसायकोटिक गोळ्या डोपामिनचे डी-टू नावाचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन मेंदूत जिथं जाऊन चिकटतं त्या जागा, अडवतात. यातलं पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन हॉस्पिटलमधे जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते सायकोसिसच्या पेशंटना दिलं, आणि तिथून या आजाराच्या उपचाराचं चित्रच पालटलं. त्यानंतर हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी बरीच आली. पण यातलं कुठलंही औषध आजार मुळापासून काढत नाही, ते लक्षणं दाबून ठेवतं आणि परत उसळू देत नाही. बीपीच्या गोळीनं बीपी नॉर्मल आलं म्हणून आपण बीपी गेलं असं धरत नाही, इथं मात्र धरतो, कारण ही गोळी घेताना माणसाला स्वतःला आजारी म्हणवून घ्यावं लागतं आणि ते फार जड जातं.

आकडे बघू. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्टेफान लॉइश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ चाचण्या एकत्र करून अभ्यास छापला, एकूण ६,४९३ पेशंट. सगळे आधी गोळ्यांवर स्थिर झालेले, मग काहींची गोळी चालू ठेवली आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. ७ ते १२ महिन्यांत गोळी चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला आणि बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. हॉस्पिटलमधे परत भरती करावं लागलं ते १० टक्के आणि २६ टक्के. मानसिक आजारातच काय, एकूण औषधांच्या जगात इतका मोठा फरक फार कमी वेळा दिसतो.

पण हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला पाहिजेत आणि इथं मला डॉक्टर मंडळींबद्दल थोडी तक्रार आहे, कारण ते एकच बाजू सांगतात. गोळी नियमित घेऊनही शंभरातल्या २७ जणांना त्रास झालाच, म्हणजे रिलॅप्स आला, आजार उलटला, की "तू गोळ्या चुकवल्या असशील" असं धरून चालणं अन्यायाचं आहे. आणि गोळी बंद केलेल्यांपैकी ३६ जण त्या वर्षभरात ठीक राहिले. म्हणून तर ओळखीत कुणीतरी असा निघतोच ज्यानं गोळ्या सोडल्या आणि काही झालं नाही, आणि त्याचं उदाहरण सगळ्यांना सांगितलं जातं. अडचण अशी की आपला माणूस त्या ३६ मधला आहे का ६४ मधला हे आधी ओळखता येईल अशी कुठलीही रक्ततपासणी किंवा स्कॅन आज नाही.

"पण आमच्याकडं तर पुष्कळ वर्षं बरं आहे, आता धोका कमी झाला असेल ना?" हा पुढचा प्रश्न. फिनलंडमधे सगळ्या देशाच्या आरोग्याच्या नोंदी एका जागी असतात, त्यातून यारी तीहोनेन यांच्या टीमनं २०१८ साली ८,७१९ पेशंटचा अभ्यास छापला, पहिल्यांदा स्किझोफ्रेनियासाठी भरती झालेल्यांचा, काहींचा जवळजवळ २० वर्षांपर्यंतचा. त्यात जास्त वर्षं गोळ्या घेऊन मग बंद केल्या म्हणून धोका उतरलाय असं काही दिसलं नाही. अमुक वर्षं झाली की सुटलो, अशी रेघ कुठं मारता येत नाही.

आता गोळी बंद केल्यावर जो त्रास होतो तो सगळा एकाच प्रकारचा नसतो आणि याची गल्लत खूप होते. एक असतो औषध सुटल्याचा त्रास, तो लवकर येतो, दोन-चार दिवसांत नाहीतर आठवड्याभरात. झोप उडते, मळमळ, उलटी, घाम, जुलाब, अंग दुखणं, जीव घाबराघुबरा होणं, एका जागी बसवत नाही म्हणून घरभर येरझाऱ्या. काहींना तोंडाच्या, जिभेच्या, हातापायांच्या आपोआप हालचाली सुरू होतात, ज्या आतापर्यंत गोळीमुळं झाकलेल्या होत्या. त्यात बऱ्याच जणांना हातपाय थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल दिलेली असते, लोक सगळी पाकिटं एकदमच कपाटात टाकतात आणि तीही अचानक थांबते, त्यानं हा त्रास अजून वाढतो. दुसरा म्हणजे खरा रिलॅप्स, तो सहसा उशिरा आणि हळूहळू चढतो. आणि तिसरा जरा अवघड प्रकार या दोघांच्या मधला. वर्षानुवर्षं रिसेप्टर अडवून ठेवले की मेंदू त्याची भरपाई म्हणून ते वाढवतो आणि जास्त संवेदनशील करतो. अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर एकदम ट्यूबलाइट लावली की कसं होतं, तसं मग गोळी अचानक काढली की नेहमीइतकंच डोपामिनही त्या मेंदूला जास्त होतं. काही संशोधकांचं म्हणणं आहे की एकदम बंद केल्यावर जे रिलॅप्स होतात त्यातला काही भाग या झटक्याचा असतो, मूळ आजाराचा नाही. यावर तज्ज्ञांत एकमत नाही. लॉइश्टच्याच अभ्यासात गोळी एकदम काढली काय आणि टप्प्यानं काढली काय, फारसा फरक दिसला नव्हता, पण तिथलं हळूहळू म्हणजे बहुतेक ठिकाणी काही आठवडे, आणि दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की आठवडे पुरत नाहीत, महिने किंवा वर्षं लागतात.

यातली एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे. डोस आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नसतं. २० मिलीग्रॅमवरून १० वर आलो म्हणजे परिणाम अर्धा झाला असं होत नाही, कारण कमी डोसमधेच बरेचसे रिसेप्टर अडवले जातात, वरचा डोस त्यात थोडीच भर घालतो. म्हणून वरून कमी करताना काही वाटत नाही, माणूस म्हणतो अर्धी केली तरी छान आहे, पाव केली तरी छान आहे, आणि तो शेवटचा छोटा तुकडा सोडला की सगळं कोसळतं. मार्क होरोविट्झ, रॉबिन मरे आणि डेव्हिड टेलर यांनी २०२१ साली हेच मांडलं, की कमी करायचंच असेल तर दर वेळी आत्ताच्या डोसचा ठराविक हिस्सा कमी करावा, म्हणजे खाली येताना पायऱ्या लहान लहान होत जातात, आणि दोन पायऱ्यांच्या मधे भरपूर वेळ द्यावा.

क्लोझापिनबद्दल वेगळं सांगते कारण तिथं चूक महागात पडते. हे औषध सहसा दोन औषधं देऊन गुण आला नाही की देतात, त्यासाठी नियमित रक्त तपासावं लागतं. ते अचानक बंद झालं तर सायकोसिस फार वेगानं आणि आधीपेक्षा जोरात येऊ शकतो, कधी काही दिवसांतच, शिवाय उलट्या, घाम, प्रचंड बेचैनी. आणि सलग ४८ तासांपेक्षा जास्त डोस चुकले तर नेहमीचा डोस परत एकदम घ्यायचा नाही, बीपी घसरून माणूस पडू शकतो, फिट येऊ शकते. डॉक्टर परत १२.५ मिलीग्रॅमपासून चढवत नेतात. गावाला गेलो आणि गोळ्या घरी राहिल्या, हे क्लोझापिनवाल्यांनी होऊच द्यायचं नाही, दोन दिवसांच्या गोळ्या पाकिटात वेगळ्या ठेवायच्या. लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं याच्या उलट असतं, ते स्नायूतून हळूहळू उतरतं, तारीख चुकली तरी काही आठवडे काहीच होत नाही आणि म्हणून पुढचंही राहून जातं.

आता गोळ्यांच्या विरोधात जे बोललं जातं तेही बघू, कारण यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर ते घरोघरी पोचलंय आणि सगळं खोटं नाहीये. शिकागोमधे मार्टिन हॅरो यांनी पेशंटचा वर्षानुवर्षं माग ठेवला, १५ वर्षांनी बघितलं तर स्किझोफ्रेनियाच्या ज्या पेशंटनी गोळ्या सोडलेल्या होत्या त्यांच्यातले ४० टक्के चांगले सावरलेले आणि गोळ्यांवर असलेल्यांपैकी फक्त ५ टक्के. ऐकून कुणालाही वाटेल की गोळ्याच माणसाला आजारी ठेवतात. पण इथं कुणी चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, ज्यांचा आजार मुळात सौम्य तेच गोळ्या सोडून टिकू शकले आणि ज्यांचा जबर त्यांना घ्याव्याच लागल्या, असंही असू शकतं, आणि त्या अभ्यासातून या दोन्हीत निवाडा करता येत नाही. नेदरलँड्समधला लेक्स वुन्डरिंक यांचा अभ्यास जास्त विचार करायला लावणारा आहे, तिथं चिठ्ठ्या टाकूनच गट केले होते. सायकोसिसच्या पहिल्याच झटक्यातून बरे झालेले पेशंट, एका गटाचा डोस कमी किंवा बंद करायचा प्रयत्न केला, दुसऱ्याचा चालू ठेवला. सुरुवातीला कमी केलेल्या गटात रिलॅप्स जास्त झाले, पण ७ वर्षांनी, २०१३ च्या पेपरात, लक्षणांसकट कामधंदा, घर, नाती अशा सगळ्या बाजूंनी सावरलेले लोक त्या गटात ४०.४ टक्के होते आणि दुसऱ्यात १७.६. माणसं मात्र जेमतेम शंभर. आणि हाँगकाँगमधे १७८ जणांवर असाच प्रयोग झाला त्याचा १० वर्षांचा निकाल २०१८ साली नेमका उलटा आला, लवकर बंद केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांची अवस्था वाईट आणि चालू ठेवलेल्यांपैकी २१ टक्क्यांची. शिवाय हे दोन्ही पहिल्याच झटक्याचे पेशंट, १५ वर्षं आजार असलेल्या आपल्या भावाला किंवा काकूला ते जसंच्या तसं लागू करता येत नाही.

जुन्या पेशंटवरचा अलीकडचा चांगला अभ्यास म्हणजे इंग्लंडमधला रडार नावाचा, २०२३ साली आला. त्याच्या प्रमुख जोआना मॉनक्रीफ, ज्या स्वतः गोळ्यांच्या अतिवापरावर वर्षानुवर्षं टीका करत आल्यात, त्यामुळं गोळ्यांच्या बाजूनं निकाल लावायचा होता असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणू शकत नाही. २५३ लोक, एकापेक्षा जास्त वेळा सायकोसिस झालेले. अर्ध्यांचा डोस डॉक्टरांच्या नजरेखाली महिनोन्महिने सावकाश कमी केला, जमलं तर बंद, नाही जमलं तर परत वाढवायचा. अपेक्षा अशी की गोळी कमी झाली की माणसं लोकांत जास्त मिसळतील, जास्त जगतील. दोन वर्षांनी बघितलं तर त्या बाबतीत फरक पडलेला नव्हता, जगण्याचा दर्जा आणि साइड इफेक्ट यांतही ठोस फरक नाही, आणि हॉस्पिटलमधे भरती होण्याइतका मोठा रिलॅप्स कमी केलेल्या गटात २५ टक्के तर चालू असलेल्यात १३ टक्के. म्हणजे इतकी काळजी घेऊन, इतकी नजर ठेवूनही धोका जवळजवळ दुप्पट. हे वाचून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, कारण मलाही मनातून तो निकाल वेगळा हवा होता. तरीही त्यातच हे पण आहे की कमी करणाऱ्यांपैकी चारातले तीन जण भरती झाले नाहीत. एखाद्यानं सगळं समजून घेऊन, डॉक्टरांना सोबत घेऊन कमी करून बघायचं ठरवलं तर त्याला वेडेपणा म्हणायचं कारण नाही.

लोक गोळ्या का सोडतात याची कारणं ऐकून घेतली पाहिजेत. वर्षभरात १५-२० किलो वजन वाढलेली मुलगी आरशात बघून रडते. पाळी थांबते. लैंगिक इच्छा जाते आणि नवरा-बायको दोघंही डॉक्टरांपुढं तोंड उघडत नाहीत. सारखी झोप येते म्हणून नोकरी जाते. लग्न ठरताना आजार लपवलेला असतो, मग सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून लग्नाच्या आधीच बंद, आणि जागरणं, नवीन घर, नवीन माणसं, त्यात ही भर. दिवस गेलेत कळल्यावर घाबरून त्याच दिवशी सगळं बंद, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करायला पाहिजे, काही औषधं चालतात, काही बदलता येतात. तालुक्याच्या गावातून जिल्हा रुग्णालयाची ओपीडी गाठायची तर एका दिवसाची मजुरी जाते आणि तिथं गेल्यावर गोळ्या संपल्यात म्हणतात. आणि कितीतरी जणांना आपल्याला आजार आहे हेच पटत नाही, तो हट्ट नसतो, ते या आजाराचंच लक्षण आहे. यातल्या बऱ्याच कारणांवर बंद करण्याच्या आधी करता येण्यासारखं काहीतरी असतं. औषध बदलणं, ॲरिपिप्राझोलसारखं वजन कमी वाढवणारं घेऊन बघणं, सगळ्यात कमी पुरेसा डोस शोधणं, सकाळची गोळी रात्री करणं, जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घेणं. बरेच जण उगाचच जास्त डोसवर किंवा दोन-तीन ॲन्टीसायकोटिकवर एकदम असतात, कारण झटक्याच्या वेळी वाढवलेलं नंतर कुणी उतरवलंच नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचा आपला हक्क आहे.

वरणात किंवा चहात गोळी विरघळवून देणं आपल्याकडं फार चालतं. मी दोष देत नाही, रात्री दोन वाजता मुलगा सुरी घेऊन दारात बसलाय अशा घरातल्या आईला कुणी काय शिकवायचं. पण ते एक दिवस कळतं, आणि मग जेवणात विष घालतायत ही त्याची भीती खरीच ठरल्यासारखी होते, तो घरचं खाणं सोडतो आणि औषध तर एकदम तुटतंच. डॉक्टरांना सांगून यातून लवकरात लवकर बाहेर यायला पाहिजे, इंजेक्शनचा पर्याय बऱ्याच घरांत इथूनच सुरू होतो.

कमी करायचं ठरलंच तर वेळ नीट निवडा. परीक्षा, बदली, घरातलं लग्नकार्य, कुणाचा मृत्यू, अशा काळात नको. दारू-गांजा चालू असेल तर नको. मागच्या झटक्यात जिवावर बेतलं असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर माझं मत विचाराल तर नकोच. आणि सुरू करण्याआधी शुभार्थी (पेशंट) आणि शुभंकर (त्याची काळजी घेणारा) दोघांनी मिळून मागच्या वेळी सगळ्यात आधी काय बदललं होतं ते कागदावर लिहून काढा. बऱ्याच जणांत पहिली जाते ती झोप. मग चिडचिड, अंघोळ टाळणं, खोलीचं दार लावून घेणं, एकटंच हसणं, मोबाइल कुणीतरी हॅक केलाय, खिडकीला पेपर चिकटवणं. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि दर वेळी साधारण तीच परत येते. सलग दोन-तीन रात्री झोप गेली तर पुढच्या अपॉइन्टमेन्टची वाट बघत बसायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की मी आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. हे आपल्याकडं फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि गोळ्या कमी करण्याच्या आधी ते करून ठेवणं शहाणपणाचं आहे.

आणि समजा आत्ताच कळलं की त्यानं महिन्याभरापासून गोळ्या घेतलेल्याच नाहीत, गादीखाली सापडल्या, तर आरडाओरडा करू नका आणि जुना डोस एकदम भरवूही नका. कुठली गोळी, किती मिलीग्रॅम, अंदाजे कधीपासून बंद, झोप कशी आहे, एवढं लिहा आणि डॉक्टरांना फोन लावा, ते नाही भेटले तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याला शांतपणे विचारा की कशामुळं बंद केल्यास, आणि तो जे सांगेल ते वजन असो, झोप असो, लाज असो, तेही त्याच कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढं आधी तेच ठेवा.